पांढऱ्या साडीची नवरी

“आज मी गिऱ्हाईक आणि तू वृषालीताई,” असं म्हणत वृषाली स्वतःच्याच पार्लरच्या खुर्चीत ऐसपैस बसली. “मी जसं करते, जसं बोलते, तस्संच करायचं. मुलाहिजा ठेवायचा नाही.”

रूहीनं शटर अर्धं खाली ओढलं. सोमवारी धरणगावातलं हे पार्लर बंदच असायचं. रूही इथं आली होती मेंदी काढायच्या कामावर, आणि बघता बघता वृषालीचा उजवा हात होऊन बसली होती.

“बघा हं ताई. नंतर रागवायचं नाही,” ती म्हणाली.

या खेळाला कारण होतं. ऐन लग्नसराईच्या तोंडावर बसस्टँडसमोर जळगावच्या एका पार्टीनं काचेचं, एसीचं मोठं सलून उघडलं होतं. दुसरी एखादी हातपाय गाळून बसली असती. वृषाली त्यातली नव्हती. वस्तीतल्या एका खोलीत सुरू केलेला धंदा तिनं स्वतःच्या हिमतीवर बाजारपेठेत आणला होता. पण टिकायचं तर आपल्यात धड काय आणि उणं काय, हे आधी आपल्याला कळायला हवं ना? गिऱ्हाइकांना विचारून झालं. जी ती सगळ्याचं कौतुकच करायची, ‘बठ्ठं चांगलं शे, ताई.’ तोंडावर कोण खरं बोलतंय? म्हणून आज ती स्वतःच खुर्चीत बसली होती.

बसल्याबसल्याच उणं दिसायला लागलं. मान टेकवायची गादी पार बसली होती. पंख्याचा वारा थेट डोळ्यांत येत होता. रूहीनं एक भुवई कोरली, आणि फोन वाजल्याचं सोंग करत ती दोरा हातात धरून खुशाल बाहेर गेली. एक भुवई रेखीव आणि दुसरी रानासारखी, अशी वृषाली आरशात बघत राहिली.

“अगं, मी एवढी का फोनवर असते?”

“हे तर मी कमी करून दाखवलं, ताई.”

वृषाली पोट धरून हसली. मग रूहीनं फाउंडेशनची बाटली उचलली, दोन बोटांनी तिची हनुवटी वर केली आणि हुबेहूब वृषालीच्या मायाळू आवाजात म्हणाली, “रंग जरा दबलेला आहे हं तुमचा. पण काळजी नका करू. असं गोरं करते, की नवरा ओळखणार नाही.”

वृषालीचं हसू जागच्या जागी थांबलं. प्रत्येक नवरीला ती हे बोलायची, तेही धीर द्यायला म्हणून. ती स्वतः काळीसावळी. लहानपणी आत्या-माम्यांनी, पुढं बघायला आलेल्या पाहुण्यांनी हेच ऐकवून तिला रडवलं होतं. त्याच रागापोटी तर ती हे काम शिकली. आणि इतकी वर्षं तेच वाक्य ती परक्यांच्या लेकींना ऐकवत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ताई, वाईट वाटलं का?”

“वाटलं. वाटायलाच पाहिजे होतं.” तिनं गालावरचा लेप पुसून टाकला. “ऐक रूही. गोरं करायचं काम ते काचवाले आपल्यापेक्षा झकास करतील. त्यात आपण त्यांना पुरे पडणार नाही. पण आपल्या पोरींचे चेहरे त्यांना ठाऊक नाहीत, मला आहेत. इथून पुढं जिचा रंग तिचाच ठेवायचा. नाक, डोळे, भुवया असे खुलवायचे, की बघत राहावं.”

“गिऱ्हाईक जाईल ना, ताई.”

“जाईल ते जाईल. राहील ते आपलं.”

बोलणं सोपं होतं. दुसऱ्याच दिवशी शिंदखेड्याच्या बाजूच्या ताईबाई नावाच्या एक बाई आपल्या लेकीला, प्रज्ञाला, घेऊन आल्या. प्रज्ञाचं लग्न धरणगावातच होतं, बौद्ध पद्धतीनं, म्हणजे नवरी पांढऱ्या साडीत. लग्नसराईतलं हे पहिलंच मोठं काम.

“पोर मन्ही सावळी शे,” ताईबाई म्हणाल्या. “पांढरी साडीमा आखो काळी दिखी. लोके नावं ठेवतीन. गोरीपान कर तिले.”

“अक्का, पांढऱ्यावर सावळा रंग खुलतो तसा दुसरा कुठला खुलत नाही. गोरी केली तर साडी कुठली आणि चेहरा कुठला, कळायचं नाही. मी तिच्याच रंगात सजवते. बघाच तुम्ही.”

प्रज्ञानं पटकन मान वर केली. पण ताईबाई उठल्याच. “मंग ऱ्हाऊ दे, ताई. बसस्टँडवर नवं निंघेल शे, तठे जातस आम्ही.”

दोघी बाहेर पडताच वृषाली दारापर्यंत गेली. हाक मारावी, हो म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि गादीवाल्याला फोन लावला.

लग्नाच्या दिवशी ऊन चांगलंच वर आलं असताना पार्लरचं दार धाडकन उघडलं. दारात पांढऱ्या साडीत प्रज्ञा उभी होती. चेहरा चुन्यात बुडवल्यासारखा, आणि हात मात्र तिचे स्वतःचे, सावळे.

“ताई, हे धुऊन द्या. मी अशी नाही जाणार बुद्धवंदनेला.”

वृषालीनं तिला खुर्चीत बसवलं. साडीवर टॉवेल गुंडाळला, लेप उतरवला, थंड पाण्यानं चेहरा धुतला. रूहीनं केस सावरले. वृषालीनं डोळ्यांत काजळ घातलं, भुवया रेखल्या, ओठांना गडद रंग दिला. पांढऱ्या काठावर तो सावळा चेहरा असा उठून आला, की रूही हातातला कंगवा विसरून बघत राहिली.

तेवढ्यात धापा टाकत ताईबाई आल्या. “पोरी, बठ्ठा मांडव थांबेल शे,” म्हणत त्या आत शिरल्या, आणि लेकीजवळ जाऊन तिचा चेहरा न्याहाळू लागल्या. त्यांचाही चेहरा तसाच सावळा, तेच नाक, तेच डोळे.

“माले बी लगीनमा असंच पांढरं फासेल व्हतं,” त्या हळूच म्हणाल्या. “दिवसभर तोंड आवळी ऱ्हायंतं.”

मग त्यांनी पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि लेकीच्या कानामागं राहिलेली पांढरी रेघ पुसून काढली.