थांबलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क कॅमेरा. लखनौच्या गोमती नगरमध्ये, चंद्रप्रभाबाईंच्या हॉलमधल्या कपाटावर मी चार वर्षं बसून होतो.

बाईंचे यजमान रेल्वेत इंजिनियर होते. ते गेल्यावरही बाईंनी लखनौ सोडलं नाही. म्हणून पुण्याला असलेल्या मुलीने, मंजिरीने, मला तिथे बसवलं. सेकंदाला पंधरा चित्रं काढायची, ती दाबून लहान करायची आणि इंटरनेटवरून पाठवायची, हे माझं काम. मला स्वतःचा पत्ता होता. ऑफिसात मंजिरी ब्राउझरमध्ये तो पत्ता आणि पासवर्ड टाकायची, की माझं पान उघडायचं आणि त्यात आई घरात वावरताना दिसायची. बाई कधी तहरीचं, म्हणजे तिकडच्या मसालेभाताचं, ताट माझ्यासमोर धरून फोनवर विचारायच्या, "दिसतेय का गं?" तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

पुढे फोन कमी झाले. एकदा बाईंनी विचारलं, "चार दिवस फोन नाही केलास?"

"आई, मी तुला रोज बघतेच की!"

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

गेल्या जानेवारीत एका दुपारी घरातलं इंटरनेट बंद पडलं. बाई खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. थोड्या वेळाने उठल्या, सतरंजीत पाय अडकला आणि पडल्या. माझ्याकडे बघून त्यांनी हाक मारली, "मंजू!" मी चित्रं काढत राहिलो, पण एकही घराबाहेर जात नव्हतं. मंजिरीच्या पानावर शेवटचं चित्र तसंच थांबून राहिलं. त्याच्या कोपऱ्यातली वेळही थांबली होती. तिकडे तिचं लक्ष गेलं नाही.

दोन तासांनी शेजारच्या सुलभाताई त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडून आत आल्या. त्यांनी मंजिरीला फोन लावला.

"मंजिरी, आई पडल्यात गं!"

"काहीतरीच काय, काकू! माझ्यासमोरच आहे ती. खुर्चीत बसून मटार सोलतेय."

"अगं, मी त्यांचा हात धरून बसलेय. जमिनीवर आहेत त्या!"

मंजिरीने माझं पान पुन्हा उघडायला घेतलं. ते उघडलंच नाही.

बाई हॉस्पिटलमधून परतल्या नाहीत. मंजिरीने मला उतरवलं, तेव्हा ती एवढंच म्हणत होती, "मी बघत होते, काकू. मी बघत होते." आता मी एका खोक्यात आहे.

मित्रांनो, तुमचंही कुणी दूर एकटं राहत असेल, तर केवळ चित्रावर विसंबू नका. रोज एक फोन करा. मी माणूस दाखवू शकतो, "आई, जेवलीस का?" हे मात्र तुम्हालाच विचारावं लागतं.