बाकी एक

"मावशी, तुम्ही जरा रांगेतून बाहेर या," साहेब दुसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा कुठे तिला कळलं की ते तिलाच सांगताहेत.

कारखान्याच्या अंगणात सगळे कामगार जमले होते. मालकांना उंचावरून काढलेला फोटो हवा होता. सगळी माणसं एका अखंड चौकोनात, कोपरा कुठेही तुटलेला नको. आणि माणसं भरली एक हजार नऊ. आकडेमोड करून साहेबांचं डोकं उठलं होतं. दोनाने भागा, तिनाने भागा, साताने भागा, एक उरायचाच. अकराने भागलं तर आठ. शेवटी त्यांनी हात टेकले. ही मूळ संख्या आहे, तिला कशानेच भाग जात नाही, असं त्यांनी भोंग्यावरून सगळ्यांना ऐकवलं, जणू तो आकडा त्यांच्याशी भांडायलाच जन्माला आला होता. एक माणूस कमी केलं, की छत्तीस-छत्तीसच्या अठ्ठावीस रांगा चोख बसत होत्या.

ते एक माणूस म्हणजे कॅन्टीनमध्ये भांडी घासणारी मावशी. या सगळ्यांची उष्टी ताटं घासून तिच्या बोटांची सालं निघाली होती. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती, म्हणून ठेवणीतले कपडे घालून पहाटेच येऊन तिने पहिल्या रांगेत जागा धरली होती.

मीच का, असं तिने विचारलं. हिशेबच तसा आहे, त्यात कुणाचा दोष नाही, असं साहेब म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हिशेबाला एक माणूस कमी हवंय ना? मग तुम्ही बाहेर या. आकडा तोच होईल."

रांगांमधून हसू फुटलं आणि लगेच दबलं. साहेबांचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून तिचा मुलगा बोलला. तोही तिथेच यंत्रावर होता.

"आई, जाऊ दे ना. उगाच तमाशा कशाला?"

साहेबांचं बोलणं तिने पचवलं असतं. पोटच्या पोराचं मात्र जिव्हारी लागलं. ती एक पाऊल पुढे आली. एकच. तिच्या जागी लगेच दुसऱ्याला उभं केलं. साहेबांनी अजून लांब जायला सांगितलं.

"रांगेतून बाहेर या म्हणालात. आले," ती म्हणाली आणि हाताची घडी घालून तिथेच उभी राहिली. ड्रोन वर गेला होता, मालक घड्याळ बघत होते. तिच्या तोंडी लागायला कुणाला सवड नव्हती.

फोटो कॅन्टीनच्या भिंतीवर लागला. तिला कापायचं तर पहिली रांगही कापावी लागत होती, म्हणून ती राहिली. जेवणाच्या सुट्टीत जो तो स्वतःला शोधत होता. एवढ्या उंचावरून सगळी डोकी सारखीच, मोहरी सांडावी तशी. मुलगाही रांगा मोजत बोट फिरवत होता. चुकला, पुन्हा मोजलं, पुन्हा चुकला. शेवटी बोट चौकोनाबाहेर येऊन थांबलं.

"ही आई," तो हळूच म्हणाला.

ती मागे ताटं गोळा करत होती. "हो, ती मी," ती म्हणाली. "तू कोणता?"

त्याचं बोट पुन्हा रांगांमधून फिरू लागलं. त्याचं उष्टं ताट टेबलावर तसंच ठेवून ती पुढच्या टेबलाकडे गेली.