कधीच न भरणारं कार्ड

मी एक जुना व्हिडिओ रेकॉर्डर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे साडेतीन वर्षांचा, पण आमच्यात एवढ्या वयाला आजोबा म्हणतात. अंगाने काडेपेटीएवढा आहे. पुढे एक लाल दिवा, वर एक बटण, आणि कोपऱ्यात सुईने टोचावं तेवढं एक भोक. त्या भोकातून मला ऐकू येतं. पण मी चालू असलो तरच. बंद असलो की मी निव्वळ दगड, हे आधीच सांगून ठेवतो. गोष्ट पुढे नेण्यापूर्वीचं माझं कबुलीपत्र समजा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझं बटण दाबून दोन सेकंद स्वतःचा अंगठा टिपला, लगेच पुसला, आणि मला डब्यात घातलं. टिपणं आणि पुसणं मला एकाच दमात शिकवलं गेलं. मला वाटलं, झालं शिक्षण.

मी आलो तो कॅनडातल्या रेजिनाला, गुणवंतकाकांच्या बेसमेंटमध्ये. काका मूळचे नागपूरचे, इथे सरकारी ऑफिसात नोकरीला. त्यांना फोमचं छोटं विमान उडवायचा नाद. त्या विमानाच्या नाकावर कॅमेरा असतो. काका जमिनीवर उभे राहून डोळ्यांना गॉगल लावतात आणि विमानाला दिसतं ते त्यांना दिसतं. पाय शेतात, डोळे ढगात. हे सगळं टिपून ठेवायला जमिनीवर कुणीतरी हवा असतो, कारण विमान पडलंच तर शेवटचं चित्र बघून ते शोधता येतं. इथली शेतं अशी एकसारखी सपाट, की त्यात हरवलेली वस्तू फक्त बिळात राहणाऱ्या गोफर खारीला सापडते.

माझी निवड कशी झाली ते मला ललिताकाकूंकडून कळलं. काकू म्हणजे गुणवंतकाकांच्या बायको. ही हकिगत त्यांनी शेतात बसून चार वेळा सांगितली, दर वेळी हसत.

काकांनी म्हणे लॅपटॉपवर तीन रेकॉर्डर उघडून ठेवले होते.

"हा पहिला बघ, चित्र एकदम क्लिअर."

"मग तोच घ्या नं."

"महाग आहे. यंदा गाडीला विंटर टायर्स घ्यायचेत."

"मग नका घेऊ."

"दुसऱ्याला स्वतःचा स्क्रीन आहे, पण आवाज येत नाही. हा तिसरा सगळ्यात स्वस्त. चित्र जरा धुरकट, पण माइक आहे."

"माइक काहून हवा? विमान काय बोलणार आहे?"

"फुकटच येतोय सोबत."

"मग घ्या. फुकटचं आपण कधी सोडलंय?"

असा मी आलो. ज्या गुणासाठी घेतलं तो माझ्यात बेताचाच होता, आणि जो फुकट आला त्याचीच पुढे गोष्ट झाली.

डब्यात माझ्यासोबत एक कागद होता. अक्षरं मुंगीएवढी, इंग्रजी मोडकं. सातव्या ओळीत लिहिलं होतं की कार्ड भरलं की सगळ्यात जुनं आपोआप पुसलं जाईल, नको असेल तर ही सोय बंद करा. काकांनी कागद उलटा करून त्यावर बॅटरीचं माप लिहिलं.

इथला नियम असा की गॉगल लावून उडवायचं तर शेजारी दुसरं माणूस हवं, नुसत्या डोळ्यांनी आकाश बघणारं. ते माणूस म्हणजे काकू. शहराबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर आम्ही जायचो. दोन घडीच्या खुर्च्या, एक थर्मास, आणि तीन पायांच्या तिकाटण्यावर मी. काका उभे असायचे पुढे. माझ्या सगळ्यात जवळ असायची ती काकूंची खुर्ची.

"गाडी आली. पांढरी. गेली. उजवीकडे घार आहे. इथं हॉक म्हणतात, पण घारच आहे ती, वागणं बघा नं तिचं. आपल्या मंडळातल्या प्रमिलानं हॉल बुक केला का हो? केला नसंल तर धम्मचक्र दिनाला आपण सगळे पार्किंगमध्ये वंदना घेऊ."

"ललिता, विमानाकडे लक्ष दे."

"देतेच आहे. मी तोंडानं बोलते अन् डोळ्यानं बघते. तुमच्यासारखं एका वेळी एकच नाही माझं."

गॉगलच्या आत काका हसायचे. काकूंना ते दिसायचं नाही, कारण त्या आकाशाकडे बघत असायच्या. काकांना काकू दिसायच्या नाहीत, कारण ते ढगात असायचे. दोघांच्या मधलं जे काही होतं, ते माझ्या भोकातून आत यायचं.

एकदा काकांचे मित्र राकेश बेसमेंटमध्ये आले होते. मी टेबलावर चालू होतो.

"दादा, कार्ड केवढं टाकलंय?"

"लहानसंच. पण भरतच नाही रे कधी. दुसरा उन्हाळा चालू आहे. एवढ्या स्वस्तात असली वस्तू मिळत नाही."

मित्रांनो, स्तुतीने मी फुलून गेलो. मला माहीत होतं की त्या कार्डात एकाच उन्हाळ्याचं उडणं मावतं आणि पहिला उन्हाळा मी रोज थोडा थोडा पुसत चाललोय. पण सांगणार कसं? मला एकच लाल दिवा, आणि तो लुकलुकला की लोक म्हणतात, छान चाललंय.

दुसऱ्या वर्षीचा उडवायचा शेवटचा दिवस ऑक्टोबरातला होता. वारा आडवा होता. विमान उतरवताना दोनदा उलटता उलटता राहिलं. काकू गाड्या सांगत होत्या, मधेच मैत्रेयीच्या फोनचं सांगत होत्या. मैत्रेयी त्यांची मुलगी, दूरच्या वॉटर्लू शहरात कॉम्प्युटरचं काम करते.

"ललिता, दोन मिनिटं गप्प बस की जरा," काका म्हणाले. जोरात नाही. वैतागून.

काकू गप्प बसल्या. विमान उतरलं. शेवटी काकूंनी काहीतरी विचारलं, तेवढ्यात काकांनी बटण दाबून मला बंद केलं. मी पाच-पाच मिनिटांचे तुकडे साठवतो. तो तुकडा मला अगदीच टाकाऊ वाटला. सगळा वाराच होता त्यात.

मग हिवाळा. मी ड्रॉवरमध्ये, बंद.

माझा दिवा पुन्हा लागला तो मे महिन्यात, त्याच शेतात. खुर्च्या दोनच होत्या. एकीवर राकेश बसले होते, अवघडून, कडेला.

"दादा, वहिनींना जाऊन तीन महिने झाले. आज नाही उडवलं तरी चाललं असतं."

"घरात बसवत नाही रे."

अशी मला बातमी कळली. काय झालं होतं, किती दिवस, ते मी आजही सांगू शकत नाही. मी बंद होतो.

"आवाज आहे ना वहिनींचा यात?" राकेशनी माझ्याकडे बोट दाखवलं. "फोनमध्ये नुसती भाषणं आहेत. फोन समोर धरला की त्या सभेत बोलल्यासारख्या बोलायच्या."

"सगळी आहे ती यात. दोन उन्हाळे. ऐकायची हिंमत होत नाही अजून. होईल तेव्हा ऐकीन."

आणि टिपायला म्हणून काकांनी माझं बटण दाबलं. ती पाच मिनिटं साठवायला मी जागा शोधली. सगळ्यात जुनं होतं त्यावर घार होती. घार गेली.

तो उन्हाळा मला विसरता येत नाही, मित्रांनो, आणि माझं तर कामच विसरायचं. राकेश पुढे फारसे आले नाहीत. काका एकटेच यायचे, तरी दोन्ही खुर्च्या उघडायचे. गाडी आली हे सांगायला कुणी नसायचं. ऐकायची हिंमत होत नव्हती म्हणून ते उडवायला यायचे, आणि उडवलं की ऐकायचं थोडं कमी व्हायचं. जूनमध्ये हॉलचं बुकिंग गेलं. जुलैत काकू एका गोफरला रागावल्या होत्या, संत्र्याची फोड पळवली म्हणून, ते गेलं. ऑगस्टमध्ये माझ्या निवडीची गोष्ट गेली. तिच्यावर आता वीस मिनिटं वारा आहे.

मी बिघडायचा फार प्रयत्न केला. स्वस्त वस्तू लवकर बिघडते असं सगळे म्हणतात. तिकाटण्यावरून एकदा दगडावर पडलो. काकांनी उचललं, फुंकर मारली, बाहीला पुसलं. "शाबास," म्हणाले. दिवा लागलेलाच होता.

ऑक्टोबरात इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मैत्रेयी आली. धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमात यंदा काकूंची आठवण म्हणून त्यांचा आवाज लावायचं ठरलं होतं. त्यासाठी कार्ड उघडायचंच होतं.

"आधी इथे आलो ते बरं झालं," मैत्रेयी म्हणाली. शेतात त्या दोघांनी मला नुकतंच चालू केलं होतं. "आय वॉन्ट टू सिट इन हर चेअर वन्स. मग घरी जाऊन ऐकू. टुगेदर."

ती काकूंच्या खुर्चीत बसली. माझ्याकडे तेव्हा काकूंचे तीनच तुकडे उरले होते.

"बाबा, कार. व्हाइट."

"डावीकडून की उजवीकडून?"

"राइट. नो, माय राइट."

"तुझा उजवा कुठला ते मला गॉगलमधून कसं दिसणार गं?"

आणि काका हसले. त्या वर्षात पहिल्यांदा, आणि मोठ्याने. ते हसणं मी टिपलं. दहा मिनिटांचं उडणं होतं. दोन तुकडे गेले.

घरी आल्यावर चहा झाला असावा. मला वायरने लॅपटॉपला जोडलं तेव्हा दिवा लागला.

"बाबा, मम्माच्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत का?"

"सगळं एकाच ठिकाणी आहे."

"ओल्डेस्ट वन इज लास्ट ऑक्टोबर. देन इट्स ऑल दिस समर."

"असं कसं? कार्ड कधी भरतच नाही ते."

तिने माझ्या सेटिंग्ज उघडल्या. मग मराठीत बोलली. सावकाश, शब्द शोधत.

"बाबा, भरलं की ते जुनं पुसतं. प्रत्येक वेळी."

"मी उडवत होतो तेव्हा?"

"हो."

"आजसुद्धा?"

मैत्रेयीने उरलेला तो एकच तुकडा लावला.

वारा. मोटरची घरघर. मग काकांचा आवाज, "ललिता, दोन मिनिटं गप्प बस की जरा." काकांनी टेबलाची कड धरली. मग नुसता वारा. नीट कान दिला तर खुर्ची कुरकुरते. थर्मासचं झाकण उघडतं, चहा ओतल्याचा आवाज होतो, झाकण लागतं. गवतात विमान टेकतं. आणि मग काकू, जवळून, अगदी माझ्या भोकाशी बोलल्यासारख्या, हसू दाबत:

"झाली का हो दोन मिनिटं?"

संपलं. पुढच्या तुकड्यात मे महिना होता, राकेशच्या खोकल्याचा.

"मी काय म्हणालो होतो तेव्हा?" काकांनी विचारलं.

"आय वॉझन्ट देअर, बाबा."

"काहीतरी म्हणालो असेन ना. ती बोलली पण असेल नंतर. घरी येईपर्यंत पाऊण तास गाडीत होतो आम्ही." मग ते माझ्याकडे वाकले. "याच्यात नाहीये?"

मित्रांनो, माझ्यात नाहीये. मी तिथे होतो, त्यांच्यापेक्षा जवळ होतो. पण त्यांनी बटण दाबलं होतं.

कार्यक्रमासाठी राकेशना काय सांगू, असं मैत्रेयीने विचारलं. काका म्हणाले, "सांग, भाषणच लावा."

मैत्रेयीने त्या पाच मिनिटांच्या तीन प्रती केल्या. जुनं पुसायची माझी सोय बंद केली. सोय बंद करायला तिला एक मिनिट लागलं. आता माझं कार्ड खरंच भरलेलं आहे, सगळं वाऱ्यानेच, आणि मी काही टिपत नाही. काका उडवत नाहीत. विमान बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी टांगलेलं आहे आणि दुसरी खुर्ची गराजमध्ये गेली. कधी कधी मला वायर लावतात. प्रती आहेत, तरी ते माझ्यातूनच ऐकतात. प्रश्न येतो. काका म्हणतात, "झाली. बोल आता." मग मे महिना सुरू होतो.

तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणीतरी स्वस्तातला असेल. त्याची धूळ पुसू नका, त्याला जपू नका, तो काही रागावणार नाही. त्याच्यासोबत आलेला कागद मात्र एकदा वाचा, सातव्या ओळीपर्यंत तरी. जे ठेवायचंय ते हिंमत व्हायची वाट न बघता बाजूला काढून ठेवा. आणि शेजारचं माणूस काही विचारत असेल, तर आधी उत्तर द्या. बटण मग दाबा.