डबी सगळं टिपते

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. केसाएवढ्या स्प्रिंगपुढे तासन्‌तास बसतील, हूं की चूं करणार नाहीत. पण गाडीत बसले की समोरचा प्रत्येक माणूस यांना आडवा यायलाच जन्मलेला असतो आणि त्याचा उद्धार होतो. तीस वर्षांत गाडीवर एक ओरखडा नाही, हे मात्र पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात.

लेकीला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली, ती सकाळी सहाची. त्या वेळेला तिकडे बस जात नाही. घरात गाडी होती, लेकीकडे कोवळं का होईना लायसन्स होतं, प्रश्न उरला विम्याचा. म्हणून विम्याच्या बाई घरी आल्या.

“मुख्य चालक कोण?” त्यांनी फॉर्म उघडून विचारलं.

“मी,” हे म्हणाले. यात विचारायचं काय, असा चेहरा.

“नाही, म्हणजे गाडी जास्त कोण चालवणार?”

“ही. आठवड्यातून पाच दिवस.”

“मग मुख्य चालक ही.”

“वा! कालची पोर मुख्य, आणि मी कोण?”

“बाबा, तो मानपान नाहीये हो,” लेक म्हणाली.

बाईंनी शांतपणे समजावलं. यांना मुख्य दाखवलं तर हप्ता निम्मा, पण उद्या काही झालं आणि खोटं उघडं पडलं, तर कंपनी हात वर करणार. खरं सांगितलं, तर हप्त्यात लेकीचा अर्धा पगार जाणार. तिसरा मार्ग होता: गाडीत एक डबी बसवायची. गाडी कशी चालते ते पाहून महिन्याच्या शेवटी डबी शंभरपैकी गुण देणार. साठ पडले तर हप्ता झेपेल इतका कमी, नाहीतर नोकरीला रामराम.

मी डबीला कौल दिला. खोट्याच्या जिवावर पोरीला रस्त्यावर पाठवायला माझं मन धजेना.

“डबी सगळं टिपते हं,” बाई जाता जाता म्हणाल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी लेकीला सुट्टी. त्या दिवशी हे गाडी दुकानात न्यायचे, बाजारापर्यंत मीही जायचे. आणि काय सांगू, माणूस पार बदलला! “या दादा, आधी तुम्ही.” “आजी, सावकाश ओलांडा.” आवाजात नुसता मध. प्रत्येक वेळी गाडी थांबताना मी सीटवरून पुढे घसरायचे, ती तर जुनीच सवय. मी काही बोलायला गेले की हे ओठांवर बोट ठेवून डबीकडे डोळे वळवायचे. मलाही ते पटलं होतं. तितके दिवस मी गाडीत जावेबद्दल चकार शब्द काढला नाही.

विसाव्या दिवशी तोवरच्या गुणांचा कागद आला. बावन्न गुण.

“अचानक ब्रेक, सतरा वेळा! वळणावर वेग, अकरा वेळा!” हे जेवणाच्या टेबलावर कडाडले. “गाडी चालवतेस की नांगर? नोकरी घालवायची आहे का?”

लेक खाली मान घालून भाताची शितं गोळा करत राहिली. पोरीचं हे गप्प बसणं मला खटकलं. मी कागद ओढून घेतला आणि तारखांवरून बोट फिरवलं. मंगळवार. शुक्रवार. पुन्हा मंगळवार.

“अहो, हे सगळे तुमचे दिवस आहेत.”

“शक्यच नाही! मी एक वाकडा शब्द बोललो नाही!”

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “डबीला कान नाहीत. तिला फक्त धक्के कळतात.”

मला हसू फुटलं, पण यांचा चेहरा पाहून ते गिळलं.

“तुला माहीत होतं?” यांनी विचारलं.

“पहिल्या आठवड्यापासून. फोनवर रोज दिसतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हीच मला गाडी शिकवलीत. तुम्ही चुकता असं म्हणायला जीभ रेटेना. वाटलं, माझ्या दिवसांत भरून काढीन.”

मला रडू आलं आणि रागही आला. बापाचं मन राखायला वेडी पोर स्वतःच्या पोटावर पाय आणत होती!

हे उठले. हात धुतले, खिशातली किल्ली काढून तिच्या ताटाशेजारी ठेवली, आणि पुढचे दहा दिवस बसने दुकानात गेले. गुण एकेक करत चढले. शेवटच्या दिवशी बासष्ट! मी फोन हातात घेऊन घरभर नाचले आणि बाईंनी लेकीच्या नावाने विमा करून दिला.

पुढच्या मंगळवारी हे सवयीने बस गाठायला निघाले, तर लेक दारात आडवी.

“चला, तुम्ही चालवा. मी शेजारी बसते.”

मी मागे बसले. चौकात एक टेम्पो मध्येच घुसला. “ब्रेक आधीपासून, हळूहळू दाबा,” लेक म्हणाली. गाडी अलगद थांबली. मी जागची हललेसुद्धा नाही.

यांनी तिच्याकडे पाहिलं. “बरोबर होतं का गं?”

उभ्या संसारात यांनी असं कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

“अगदी बरोबर,” लेक म्हणाली. “फक्त इंडिकेटर राहिला, बाबा.”