गव्याच्या हाडाची नऊ दातांची खरवडणी

मी एक जुनी खरवडणी आहे. ताज्या कातड्याला आतून चिकटलेलं मांस न् चरबी खरवडून काढणं हे माझं काम. मित्रांनो, मला बघून कुणी "हे तर नुसतं हाड!" म्हणालं की मला फार राग येतो. हाड आहेच मी. पण कुणाचं? गव्याच्या पुढच्या पायाचं. पहाडासारख्या खांद्याचा, गुडघ्यापर्यंत दाढी लोंबणारा, कमरेएवढा बर्फ नुसत्या डोक्याने झाडून खालचं गवत खाणारा आमचा उत्तरेचा गवा! त्याच्या पायाने सबंध जन्म ते ओझं पेललं, आणि तो पाय म्हणजे मी. तेव्हा मला स्वयंपाकघरातल्या उलथन्याच्या रांगेत बसवू नका.

मला घडवलं आंजेलिक नावाच्या एका म्हातारीने. नदीकाठच्या आमच्या गावात तिच्या हातच्या मऊ कातड्याला जोड नव्हती. तिने हाड उकळलं, एका टोकाला तिरपं कापलं, दगडावर घासून धार आणली आणि त्या धारेत कानशीने नऊ दात पाडले. वरच्या टोकाला चामड्याचा फास बांधला, मनगटात अडकवायला. काम झाल्यावर तिने मला गालावर फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "झाली बाई शहाणी." माझं सगळं शिक्षण ते एवढंच.

आंजेलिकनंतर मी तिच्या नातीकडे, फिलोमेनकडे आले. फिलोमेन नऊ वर्षांची असताना आजीने मला तिच्या हातात दिलं होतं. पोरीने जोर लावला, कातडं काही साफ होईना, तळहाताला फोड मात्र आले. आजी ओरडली, "हाताने काय ढकलतेस? हात दमतो. खांद्याने ढकल!" फिलोमेन ते आयुष्यभर विसरली नाही. पुढे तिने माझ्यासोबत इतकी कातडी काढली की आमच्या गावात चाळीस वर्षं ज्याच्या पायात बूट होते, त्याने मनातल्या मनात मला नमस्कार करायला हरकत नाही. लग्नाचे हातमोजे, बाळांची झोळी, म्हाताऱ्यांच्या टोप्या, सगळ्यांत माझे दात आधी फिरलेत. बायका मला मागायला यायच्या. फिलोमेन म्हणायची, "नवरा मागा, तो नेऊ देईन. ही नाही."

मग सहा हिवाळ्यांपूर्वी तिच्या जावयाने, बोनिफासने, तिला लोखंडाची खरवडणी करून दिली. बंदुकीच्या जुन्या नळीची, चकचकीत. मी खिडकीत गेले. खिडकीतून दाराखाली पाचर म्हणून गेले. आणि एका उन्हाळ्यात त्यांच्या बूबू नावाच्या कुत्र्याने मला उचललं आणि ओसरीखाली नेऊन महिनाभर चघळलं.

मित्रांनो, तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे गव्याचं हाड कुत्र्याच्या तोंडी जाऊ देत नाहीत. गवा आपण होऊन माणसाला अंग देतो, आणि माणसाने त्याच्या हाडांचा मान ठेवायचा, एवढाच दोघांतला करार. हाडं झाडावर टांगतात, पाण्यात सोडतात, पण कुत्र्याला देत नाहीत. फिलोमेनला मी सापडले तेव्हा माझे दोन दात तुटले होते आणि अंगभर वण पडले होते. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला साबणाने खसाखसा धुतलं आणि शिधापेटीच्या कडीत खिट्टी म्हणून खुपसलं. कुणाला एका शब्दाने बोलली नाही. बढाई मारायला जी जीभ कधी दमली नाही, ती या एका गोष्टीला दमली.

आता गेल्या मार्च महिन्याची गोष्ट सांगते.

फिलोमेनची जन्माची मैत्रीण यूलाली. दोघी सत्तरीच्या, आणि भांडल्याशिवाय दोघींना चहा जात नाही. यूलालीचा नवरा इझिडोर आदल्या मार्चमध्ये वारला. आमच्याकडे वर्ष झालं की सगळ्या गावाला जेवू घालतात आणि पहिला घास विस्तवात देतात, त्याच्या धुराने गेलेला माणूस जेवतो. इझिडोरने शेवटच्या दिवसांत सांगून ठेवलं होतं, "मला मासा घालू नका. मूस हरणाचं मांस नको. गवा घाला." जेवण शनिवारी होतं आणि यूलालीच्या घरात गव्याचा तुकडा नव्हता. शिकार नेहमी इझिडोर करायचा. हिने बंदुकीने फार तर रानकोंबडी मारलेली.

"मी आहे ना!" फिलोमेन म्हणाली. म्हणाली तेही कुठे, तर दुकानात, सहा माणसांसमोर. "बुधवारी गव्याचा बैल पाडते, शुक्रवारी चरबी वितळवते. तुम्ही फक्त चमचे धुऊन ठेवा."

दुकानातली माणसं खाली बघायला लागली. गवा ऐकतो. त्याच्याबद्दल असं आधी बोलून ठेवत नाहीत, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

सोमवारी दोघी निघाल्या. पुढे बर्फावर चालणारी मोटारगाडी, मागे लाकडी घसरगाडी, तिच्यावर तंबू, पत्र्याची चूल, शिधापेटी आणि पेटीच्या कडीत मी. मोठ्या कुरणाच्या कडेला त्यांनी तंबू ठोकला, खाली स्प्रूस झाडांच्या फांद्या अंथरल्या. दोघींनी काय काम केलं म्हणून सांगू! गुडघे दोघींचे कुरकुरत होते, पण तासाभरात चूल पेटलेली, चहा उकळलेला आणि तव्यात जाड रोटी फुगलेली. तरण्या गड्यांना एवढ्या वेळात तंबूची दोरी सापडत नाही.

मंगळवारी सकाळी फिलोमेनने हात वर केला. "खाली बस! बैल आहे. एकटाच आहे."

वाळुंजाच्या झुडपांतून ती सरपटत पुढे गेली, गुडघा टेकला, नेम धरला आणि बार काढला. "पाडला!"

यूलाली तिच्या शेजारून सरळ चालत गेली, जवळ जाऊन वाकली आणि भोकात बोट घालून बघितलं. "लागला गं. मधोमध लागला. पण हे झाड मागच्या वणव्यातच मेलं होतं, त्याला पुन्हा मारायची काय गरज होती?"

तो जळका खुंट होता. आणि पलीकडच्या उंचवट्याआडून खुरांचा आवाज आला, दाण दाण दाण. खरा कळप तिथे होता. तो गोळीच्या आवाजाने पळाला.

"थंडीने डोळ्यांत पाणी आलं," फिलोमेन म्हणाली.

"हो ना. खुंटाच्याही आलं असेल."

बुधवारी दिवसभर दोघी हिंडल्या. नुसते माग, नुसतं ताजं शेण, त्यावर अजून वाफ, पण गवा एकही नाही. संध्याकाळी तंबूत यूलाली इझिडोरचा पत्र्याचा पेला हातात धरून बसली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"मरताना लोक काय काय मागतात," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने एक घास मागितला. आता काय घालू त्याच्या विस्तवात? डब्यातली मासळी?"

फिलोमेन उठली. चुलीत लाकूड घालायला गेली आणि चुलीच्या दाराऐवजी बाजूला खुपसलं.

गुरुवारी सकाळी फिलोमेन बाहेर गाडीशी खटपट करत होती. शिधा रोज तीच काढायची, पण त्या दिवशी चरबीचा डबा हवा म्हणून यूलालीने पेटीची खिट्टी उपसली. खिट्टी म्हणजे मी. तिने मला उजेडात धरलं, अंगठा फिरवला आणि तिचा चेहराच उतरला.

"फिलोमेन! आत ये."

"चहा झाला?"

"चहा गेला खड्ड्यात. ही आंजेलिकआजीची खरवडणी ना? हिच्यावर हे दात कुणाचे? तुझे तर नाहीत, तुझे डब्यात असतात."

फिलोमेन दारात उभी राहिली. मित्रांनो, मी त्या बाईला साठेक वर्षं ओळखते. अस्वलासमोर तिने मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली.

"बूबूने," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कोणत्या तोंडाने सांगू? दुसऱ्यांच्या पोरांना मीच ओरडते, हाडं उचला म्हणून." मग म्हणाली, "आणखी एक आहे. मला दिसत नाही गं. दोन्ही डोळ्यांत धुकं आहे. तू आत्ता मला नुसता एक कोट दिसतेस."

यूलाली चिडेल असं मला वाटलं. चिडायला तिला पुरेसं कारण होतं. नवऱ्याचा घास या बाईच्या तोऱ्यापायी राहून गेला होता. पण तिने मला फिलोमेनच्या हातात दिलं, जवळ तंबाखूची पुडी ठेवली आणि म्हणाली, "मला नको सांगूस. ज्याचं हाड आहे त्याला सांग."

बाहेर बर्फात गुडघे टेकून फिलोमेनने मला दोन्ही हातांनी धरलं. खाली चिमूट चिमूट तंबाखू वाहिली, आमच्याकडे जनावराची माफी अशीच मागतात, आणि मोठ्याने बोलली. कुत्र्याचं बोलली, दुकानातलं बोलली, डोळ्यांचंही बोलली. सहा वर्षांत माझ्याशी ती पहिल्यांदा बोलत होती. शेवटी म्हणाली, "माझी चूक इझिडोरच्या ताटात नको." मग तिने मला कोटाच्या आत, छातीशी ठेवलं. हाडाला ऊब लागते का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा.

"बंदूक तू घे," ती यूलालीला म्हणाली.

"मी? माझे हात बघ, चहा पिताना अर्धा सांडतो!"

"मग माझ्या खांद्यावर ठेव. डोळे तुझे, खांदा माझा."

दोघी वाऱ्याच्या उलट दिशेने निघाल्या. पुढे यूलाली, मागे तिच्या कोटाचं टोक धरून फिलोमेन. दुपारच्या आत यूलाली थबकली. कुरणात पंधरा-वीस गवे होते. त्यांच्या श्वासांचा ढग वर लोंबत होता. डोकी डाव्या-उजव्या बाजूला हलत होती, बर्फ उडत होता, दाढ्यांना दव गोठलेलं. फिलोमेनला त्यातलं काही दिसलं नाही. तिने फक्त वास घेतला आणि हसली.

ती बर्फात बसली, कानांत शेवाळ कोंबलं. यूलालीने मागून तिच्या खांद्यावर नळी टेकवली.

"हलू नकोस."

"नाही हलत."

"श्वास घेते आहेस. नळी वरखाली होते."

"मेले नाही अजून म्हणून घेते. बरं, थांबवते."

तिच्या छातीशी मी होते, म्हणून सांगते, खरंच थांबवला. कडेचा एक बैल वळला, अंग आडवं करून उभा राहिला आणि आमच्याकडे बघत राहिला. पळाला नाही. पळायला त्याला भरपूर वेळ होता. बार झाला. तो चार पावलं चालला, पुढचे गुडघे टेकले आणि सावकाश आडवा झाला. म्हातारी माणसं जशी जपून बसतात, अगदी तसा.

दोघी काही ओरडल्या नाहीत. यूलालीने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "इझिडोर, आला बघ."

मग खरं काम सुरू झालं. एवढं मोठं जनावर दोन म्हाताऱ्यांनी सोललं, कापलं, आणि सुरी एकदाही हाडावर आपटली नाही. पण कातडं इतकं जड की दोघींना घसरगाडीवर चढवेना. मांस-चरबीसकट गोठलं असतं तर दगड झाला असता. ऊब आहे तोवर खरवडायलाच हवं होतं. त्यांनी ते आडव्या ओंडक्यावर टाकलं. फिलोमेनने लोखंडाची खरवडणी काढली, ओल्या हाताने धरली आणि किंचाळली. एवढ्या थंडीत लोखंड ओल्या हाताला सोडत नाही. तळव्याची साल त्याच्याबरोबर निघाली.

"जावयाची भेट!" यूलाली म्हणाली.

फिलोमेनने कोटात हात घातला आणि मला बाहेर काढलं. फास मनगटात अडकवला. मित्रांनो, सहा वर्षांनी! मी सात दातांची, ती दोन धुकट डोळ्यांची. तिने बघितलंच नाही. बघायची गरज काय? कुठे चरबी जाड आहे, कुठे कातडं पातळ आहे, हे माझे दात तिच्या हाताला सांगत होते आणि हात खांद्याला. पापुद्रे लांबच्या लांब सुटत गेले. यूलाली हात थांबवून बघत राहिली.

"आंधळी म्हणवतेस?" ती म्हणाली. "अगं, हे तर आजीपेक्षा साफ आहे."

कातडं हलकं झालं, गाडीवर चढलं. दोघींनी सांडलेलं रक्त बर्फाने झाकलं आणि उजेड होता तोवर निघाल्या.

शनिवारी सगळं गाव जमलं. यूलालीने पाठीवरचा सगळ्यात चांगला तुकडा विस्तवात ठेवला. चरबी तडतडली, धूर सरळ वर गेला. दुकानातले सहाही जण तिथे होते. त्यांच्यातला एक हसत म्हणाला, "फिलोमेनआजी, बैल पाडलात म्हणे! चमचे धुतलेत आम्ही."

मला वाटलं, आता हिची जीभ सुटणार.

"मी पाडला नाही," फिलोमेन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी खुंट पाडला. बैल यूलालीने पाडला. मी नुसता खांदा होते."

सगळे हसले. यूलालीने तिच्या ताटात दुसरा तुकडा वाढला, चरबीचा, मोठा.

फिलोमेन आता डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दक्षिणेच्या शहरात गेली आहे. जाताना तिने मला यूलालीकडे दिलं. यूलालीने कानशीने माझी धार नीट केली, तुटलेल्या दातांची जागा मात्र तशीच ठेवली. म्हणाली, "राहू दे. विसरायला नको." मी चुलीच्या वर खिळ्याला टांगलेली असते, कुत्र्याच्या तोंडापासून दूर. लोखंडाची खरवडणी दाराखाली पाचर आहे. तिला मी काही बोलत नाही. उन्हाळ्यात तीही चांगली चालते.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात दाराखाली, खिडकीत, माळ्यावर कुणी जुनी वस्तू पडली असेल, तर तिला हातात घ्या. ती ज्या झाडाची, ज्या जनावराची, ज्या मातीची आहे, त्याचं नाव विचारा. आणि तुमच्या हातून तिची हेळसांड झाली असेल, तर साबणाने धुऊन लपवू नका. सांगून टाका. फिलोमेनसारख्या तोऱ्याच्या बाईला जमलं, तुम्हालाही जमेल.

त्या बैलाच्या पुढच्या पायाचं हाड यूलालीने उकळून ठेवलं आहे. फिलोमेनला दिसायला लागलं की दोघी मिळून त्याला नऊ दात पाडणार आहेत. मी वरून बघत राहीन, आणि चुकल्या तर सांगेन.