दाताचा ताप

कानिफ चार वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. भाकरी दुधात कुस्करून भरवावी लागे. ऊसतोडीच्या तळावरच्या बायका त्याला 'म्हातारबा' म्हणून चिडवत. त्याची आई लंकाबाई वरवर हसे, आणि पाचटाच्या कोपीत शिरली की तिला भडभडून येई.

म्हणूनच चैत्राचं ऊन तापलं आणि पोराला रोज दुपारी ताप भरू लागला, तेव्हा तिला चक्क हायसं वाटलं. दात निघताना ताप येतोच, हे काय कुणी सांगायला हवं? सासू छबूबाईने तर बजावलंच, "गोळी देऊ नगं. ताप मोडला की दात आत बसत्यात. घाम फुटू दे त्याला." लंकाबाई त्याला गोधडीत गुंडाळून ठेवी आणि ऊस तोडायला फडात जाई. घाम काही फुटत नव्हता. संध्याकाळी ती आशेने हिरड्यांवरून बोट फिरवी, बोटाला काही लागत नसे. मग दुसऱ्या दिवशी आणखी एक गोधडी.

एका दुपारी पोराने डोळे फिरवले. नवरा आसाराम आणि ती, दोघांनी मिळेल त्या टेम्पोने नगरचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी गोधडी ओढून काढली आणि त्याच्या अंगावर ओला टॉवेल टाकला. लंकाबाईने तो हिसकून घेतला.

"पानी लावू नगा बाई. दात यायचेत त्याचे."

बाईंनी कानिफचं तोंड उघडून पाहिलं, विरळ केस पाहिले, कोरडी ठणठणीत कातडी पाहिली.

"दात यायचे नाहीत त्याला. जन्मतःच नाहीत. अशा मुलांना घामही येत नाही. हा दाताचा ताप नाही, उन्हाचा आहे. आणि तुम्ही त्याला गोधडीत घातलंत."

लंकाबाईने स्वतःच टॉवेल भिजवला आणि पोराच्या छातीवर ठेवला. पुनःपुन्हा भिजवत राहिली. बऱ्याच वेळाने कानिफ कण्हला.

"माहेरी तुमच्या कुणी असं होतं?" बाईंनी विचारलं.

होता. तिचा धाकटा भाऊ. तोही असाच बोळका, आणि दाताच्या तापानंच गेलेला. आई आजही चारचौघींत सांगे, मी काही कमी केलं नाही, लेकराचा पायसुद्धा गोधडीबाहेर येऊ दिला नाही.

"भाऊ हुता माझा," लंकाबाई म्हणाली. "बाई, उद्या आई येईल नातवाला बघायला. तिला ह्यातलं काई सांगू नगा."