अपिलाचा निकाल लागेपर्यंत

तो इवलासा गोल आरसा ओठाला गार लागला आणि तिने डोळे मिटून घेतले – भीतीने नव्हे, आपल्या डोळ्यांतलं काही डॉक्टरला दिसू नये म्हणून. तो आपल्याला ओळखणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दंत परिषदेपुढे ताई एकटीच उभी राहिली होती. तक्रारीतला शब्द न् शब्द मात्र हिने लिहिलेला. वर्षभर परवाना निलंबित, असा आदेश निघाला त्या दिवशी दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या होत्या... आणि पंधराच दिवसांत त्याला स्थगिती. अपिलाचा निकाल लागेपर्यंत डॉक्टरांनी खुशाल दवाखाना चालवावा, फक्त दात काढताना दुसरा दंतवैद्य हजर हवा – बस्स, एवढीच अट. याने दाढ काढताना नस दुखावली, ताईचा अर्धा ओठ कायमचा बधिर झालाय, चहा हनुवटीवर ओघळला तरी तिला समोरच्याच्या नजरेवरून कळतं, आणि हा मात्र उजळ माथ्याने खुर्ची मांडून बसलाय.

"दाढ काढावीच लागेल," डॉक्टर म्हणाला. "आमचे दुसरे डॉक्टर गुरुवारी येतात. तोवर गोळ्या लिहून देतो."

गुरुवारी. अट तोंडपाठ दिसतेय. पण तिनेही ही किडकी दाढ तीन आठवडे औषधाशिवाय जपली होती, आज तो एकटाच असतो हे बाहेर नावं लिहून घेणाऱ्या बाईकडून फोनवर काढून घेतलं होतं. एकदाच त्याने एकट्याने दात उपटावा. स्थगिती उठवायला तेवढं पुरे. अर्ज पर्समध्ये तयार होता, तारीख तेवढी घालायची होती.

"आत्ताच काढा ना. उद्या मला प्रवास आहे. कुणाला कळतंय?"

"नको बाई. मागे एकीने अशीच घाई केली. एक्स-रे काढू म्हटलं, तर म्हणाली बस चुकेल, तसंच काढा. मी ऐकलं..." त्याने आरसा ट्रेमध्ये ठेवला. "नाही म्हणायला हवं होतं."

परिषदेपुढेही त्याने हेच सांगितलं होतं, आणि आदेशात ते वाचून साफ खोटं म्हणून हिने उडवून लावलं होतं. बस... त्या दिवशी ताई आपल्याकडेच यायला निघाली होती. उशीर केलास तर बघ, असा सकाळी फोन कोणी केला होता? मीच. नंतर ताईला विचारलं का कधी, की तू घाई केलीस का? नाही विचारलं. कशाला विचारायचं – डॉक्टर तो होता, ओठ ताईचा गेला.

दाढेतून कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. त्याला दिसेल असं वाहू दिलं.

डॉक्टरने दाराकडे पाहिलं. "फारच ठणकतंय का?"

तिने मान हलवली. तो उठला, हात धुतले, हातमोजे चढवले. "एक्स-रे मात्र आधी काढणार. आणि कुणाला सांगू नका हं."

सापडला. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं – जरा गळ घातली, डोळे ओले केले, की हा माणूस विरघळतो. तेव्हाही असाच विरघळला असेल. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून ताईचा ओठ गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत आला नव्हता इतका संताप आला. धड दुष्टही होता येऊ नये याला? अजून नाही म्हण, अजून वेळ आहे, तिने त्याला मनातल्या मनात बजावलं, आणि तोंड होईल तितकं उघडलं.